एका आकड्याने दोनशे वर्षे

खतावणीत ९ च्या जागी ७ पडला, तर ताळा जुळेपर्यंत मुनीमजी दुकान वाढवू देत नाहीत. चूक पैशांची असो वा लाखांची, ती सापडल्याशिवाय झोप येत नाही, हा व्यापारी घरांचा जुना संस्कार. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाबतीत नेमकी हीच चूक घडली होती. एका आकड्यामुळे मंदिराचे वय दोनशे वर्षांनी वाढले.

जगातील नवलस्थळे पाहण्यासाठी आपली कुटुंबे रोम-पॅरिसच्या सहली करतात. बदलापूर येथून रोज मुंबईला जा-ये करणारे किती तरी जण मात्र अंबरनाथ स्थानकावरून वर्षानुवर्षे जातात आणि पूर्वेला जेमतेम दोन किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी उभी असलेली ही वास्तू त्यांनी पाहिलेली नसते.

मंदिर काळ्या पाषाणाचे, पश्चिमाभिमुख. पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांनी सभामंडपात प्रवेश होतो. बाहेरच्या भिंतींवर क्वचितच एखादी वीत मोकळी राहिली असेल. हत्तींच्या रांगा, देवदेवता, नर्तकी, योगी यांनी ती भरून गेली आहे. खरे नवल आत आहे. देवदर्शनासाठी बहुधा पायऱ्या चढाव्या लागतात. येथे मंडपातून गाभाऱ्यात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. खाली शिवलिंग, भोवती गारवा, आणि मान वर करावी तर शिखराच्या पोकळीतून थेट आकाश. शिखराचा माथा नाही. तो कधी पूर्णच झाला नाही की कालांतराने ढासळला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

मंदिरातील दगडी तुळईवर एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विख्यात वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि त्यातील वर्ष शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असे दिले. अक्षरे झिजलेली, दगड अंधारात. चूक अक्षम्य म्हणता येणार नाही. काही वर्षांनी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला. पहिला आकडा ७ नसून ९ होता. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०.

फरक केवळ वयाचा नव्हता. हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या उभ्या पट्ट्यांमधील जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी रचलेल्या असतात. सिन्नरचा गोंदेश्वर आणि मध्य प्रदेशातील उदयपूरचा उदयेश्वर ही याच कुळातील मंदिरे, अकराव्या-बाराव्या शतकांतली. अंबरनाथ इ. स. ८६० चे मानले असते, तर ते आपल्याच भावंडांपासून दोन शतके दूर जाऊन पडले असते आणि या शैलीची सारी वंशावळ विस्कटली असती.

येथे भगवानलालांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जुनागढचे हे पंडित, गिरनारच्या शिलालेखांच्या सावलीत वाढलेले. भाऊ दाजींनीच त्यांना मुंबईस आणले आणि लेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर पाठविले. म्हणजे ही दुरुस्ती प्रतिस्पर्ध्याने केली नव्हती; ज्यांच्या पदरी काम शिकले, त्यांच्याच आकड्यावर भगवानलालांनी खूण केली. ओडिशातील हाथीगुंफेचा प्राकृत लेख अरिहंत आणि सिद्ध यांना वंदन करून सुरू होतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्या लेखातील राजाचे नाव खारवेल आहे, हे प्रथम नीट वाचले ते याच भगवानलालांनी.

असाच प्रकार रोममध्ये झाला. तेथील पँथिऑनच्या घुमटाला मध्यभागी सुमारे नऊ मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ आहे. त्यातून ऊन आत येते, पाऊसही येतो. पाणी निघून जाण्यासाठी फरशीत छिद्रे ठेवलेली आहेत. तेथील उघडे छत मुळातच योजलेले आहे, हा अंबरनाथशी मोठा भेद. दर्शनी भागावर ठळक अक्षरांत बांधणाऱ्याचे नाव कोरले आहे : अग्रिप्पा. शतकानुशतके लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने तेथील विटांवरचे शिक्के तपासले आणि उभी इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातील, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनी अलीकडची ठरली. अग्रिप्पाची मूळ वास्तू पूर्वीच जळाली होती. हेड्रियनने नवी उभारली, पण नाव जुनेच ठेवले.

अंबरनाथचा लेखही उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतला; वास्तूच्या संदर्भात नाव मात्र येते ते त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचे. छित्तराजाने काम आरंभले आणि मुम्मुणीच्या काळात ते सिद्धीस गेले, असे त्यावरून मानले जाते. भावाने सुरू केलेले काम पुरे करून पाटीवर भावाचेच नाव राहू द्यावे, ही गोष्ट पेढीवर बसणाऱ्यांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

नावे सहजासहजी बदलत नाहीत, याचा दाखला शेजारच्या स्थानकावरही मिळतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. त्यापूर्वी तेथे लष्कराची छावणी होती. छावणी उठून पाऊण शतक लोटले, तरी उल्हासनगरचा व्यापारी आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतो. पुढे बदलापूरला घोडे बदलत म्हणून ते नाव पडले, असे जुने लोक सांगतात. पण त्याला शिलालेखाचा आधार नाही, तेव्हा ती रक्कम तूर्त अनामत खात्यात ठेवलेली बरी.

१८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अंबरनाथला येऊन या शिल्पांची रेखाचित्रे काढली, साचे घेतले. त्या वेळी नदी नितळ असावी. आज कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने वालधुनीची जी दशा झाली आहे, ती मंदिराच्या आवारात पाऊल टाकण्यापूर्वीच नाकाला कळते. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण दगडाला आहे. शेजारून वाहणाऱ्या पाण्याला तसे कोणी वाली दिसत नाही.

पँथिऑन पाहण्यास २०२३ पासून तिकीट पडते. अंबरनाथला ते नाही. स्थानकावरून रिक्षा मिळते. महाशिवरात्रीची प्रचंड गर्दी टाळून एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर जावे, आणि पावसाळा असेल तर गाभाऱ्याच्या पायऱ्या जपून उतराव्यात.