गाविलगड आणि गोणी: रसदीविना लिहिलेला वऱ्हाडचा इतिहास

१/ गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी पडला. त्यावरील आपले वाद ठरलेले आहेत: किल्लेदार बेनीसिंग कसा लढला, तोफा कुठून डागल्या, खिंडार कुठे पडले. ते सैन्य तिथवर काय खाऊन पोहोचले, हे मात्र कुणी विचारत नाही. माझा आक्षेप या मौनावर आहे.

२/ अडगावची लढाई २९ नोव्हेंबरची. ५ डिसेंबरला आर्थर वेलस्ली एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास पोहोचला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच थांबला, तो जखमींसाठी इस्पितळ उभारायला. ७ तारखेला स्टीव्हन्सनची फौज निघाली. सुमारे ३० मैल डोंगरातून वाट काढत तिने तोफा ओढून नेल्या. पायथ्याचे शहर हाती नसते, तर ही मोहीम कशाच्या आधारावर उभी राहिली असती?

३/ आणि धान्य? ते बंजाऱ्यांच्या तांड्यांनी, बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून वाहिले. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. मोगल फौजांचीही भिस्त याच तांड्यांवर होती.

४/ रोमन ब्रिटनकडे पाहा. टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्सचा किल्ला तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी रसदीचा तळ बनला. तिथे वीसहून अधिक धान्यकोठारे उत्खननात सापडली. विंडोलांडाच्या लाकडी पाट्यांवर गव्हाचे हिशेब वाचले गेले. तिथे कोठार हाही इतिहासाचा पुरावा मानला जातो.

५/ आपल्याकडे रसद वाहणाऱ्यांना ‘बाजारबुणगे’ म्हणून हिणवले गेले आणि तो शब्द आपण आजही शिवीसारखा वापरतो. परतवाडा हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीभोवती वाढला. पण गाविलगडाकडे निघालेला इतिहासप्रेमी तिथे चहापुरताच थांबतो.

६/ ‘तांड्यांनी दप्तरे ठेवली नाहीत, मग लिहायचे कशावरून?’ हा युक्तिवाद लंगडा आहे. धान्य घेणाऱ्या फौजांनी कागद ठेवले आहेत. ते केवळ तोफांसाठी वाचले गेले.

७/ या दुर्लक्षाची किंमत माणसांनी मोजली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांवरची वाहतूक मोडत गेली. पुढे यांच्यातील अनेक गटांवर ‘गुन्हेगार जमाती’ हा शिक्का बसला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही ‘विमुक्त जाती’ या प्रवर्गात मोडतो. ज्यांनी फौजा पोसल्या, त्यांची ओळख अशा शिक्क्यांतून व्हावी, यात इतिहास लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे.

८/ म्हणून वऱ्हाडच्या लढायांवर लिहिणाऱ्यांना एकच विनंती: तोफांची संख्या देताना बैलांचीही शोधा. सापडली नाही, तर निदान त्यांच्यासाठी एक परिच्छेद राखा.