सात फोटो, एक शिवार



यंदा कान्ह्याच्या आमच्या भातखाचरांचा व्यवहार ठरला. भावांचा आग्रह होता, अब्बांनीही मान हलवली. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ते बांधावर गेलेले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "बेटी, कापणीआधी अख्ख्या शिवाराचा एक फोटो आणून दे. तुकडे नकोत मला."

रविवारी गेले. भात निसवलं होतं. मोबाइलमधला पॅनोरमा लावून हात फिरवायला लागले आणि तेवढ्यात लोणावळ्याकडे जाणारी लोकल आली. फोटोत तिचे डबे चिरल्यासारखे दिसले. मग बांधावरून चालत चालत सुटे फोटो काढले. ते घरी संगणकावर जोडले, तर लांबचे डोंगर नीट जुळले, पण पायाजवळचा बांध मध्येच तुटलेला!

चूक माझी होती. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग डोळा बदला. अंगठा सरकतो, लांबचं झाड जागेवरच राहतं. आपण जागा बदलली की जवळच्या वस्तू अशाच सरकतात, मग संगणक त्या जुळवणार कशा?

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. या वेळी एका जागी पाय रोवले. फोन उभा धरला, अंगाजवळ ठेवला आणि जागच्या जागी वळत डावीकडून उजवीकडे सात फोटो घेतले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग पुन्हा येऊ दिला. झूम बदलला नाही. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस पक्का होतो, तेही केलं. नाहीतर आभाळाला पट्टे पडतात. लोकल पुढे जाईपर्यंत थांबले.

फोटो जोडायला हगिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फोटो भरा, जुळवा, पॅनोरमा बनवा, अशा तीनच पायऱ्या. दोन शेजारच्या फोटोंत सारखे दिसणारे ठिपके ते शोधतं आणि त्यांवर फोटो बसवतं. फोटोशॉपमध्ये हेच काम फोटोमर्ज करतं. फोटो केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर ते लहान होतात आणि लेन्सची माहितीही गळून पडते. शेवटी वाकड्या कडा कापून टाका.

ही युक्ती जुनीच आहे. १८५८ मध्ये फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराने लखनौच्या बड्या इमामबाड्यावरून शहराचे ओळीने फोटो घेतले आणि शेजारी शेजारी जोडले. उठावानंतरचं उद्ध्वस्त लखनौ आज आपल्याला त्या लांब पट्टीत दिसतं.

एक सावधगिरी. जोडलेला फोटो म्हणजे नकाशा नव्हे. त्यात सरळ बांध वाकतो, अंतरं ताणली जातात. हद्दीचा वाद असेल तर सातबारा काढा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. आणि मूळ सुटे फोटो पुसू नका.

फोटो मोठा छापून आणला. अब्बांनी चष्मा पुसला. त्यांचं बोट डावीकडून निघालं: हा शेजाऱ्यांचा बांध, ही विहीर, हा आंबा, हा पलीकडचा बांध. मग पुन्हा मध्यावर येऊन थांबलं.

"आपलं एवढंच होतं?"

"एवढंच, अब्बा."

"चालत होतो तेव्हा खूप मोठं वाटायचं."

व्यवहार थांबला नाही, तसं मी सांगणारही नाही. पण सहीच्या दिवशी अब्बांनी तो फोटो भावांसमोर पसरला आणि कुठल्या खाचरात कोण पहिल्यांदा चिखलात पडलं ते एकेकाला दाखवलं. पहिल्यांदाच सगळे गप्प बसून ऐकत होते.

तुमच्याकडे असं काही विकायचं, पाडायचं, सोडायचं असेल, तर आधी एका जागी उभे राहून सात फोटो घ्या. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.