विश्लेषण : डोंबिवलीत स्वतःचे घर आहे, म्हणजे म्हातारपण सुरक्षित झाले का?

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील बहुतेक नोकरदारांची आयुष्यभराची कमाई एकाच गोष्टीत अडकलेली असते, ती म्हणजे घर. ‘कर्ज फिटले, आता चिंता नाही’ असे निवृत्तीच्या दिवशी म्हटले जाते. पण घराची किंमत कितीही वाढली तरी त्यातून वाणसामान आणि औषधांचे पैसे दरमहा हातात येत नाहीत.

संशोधन काय सांगते?

‘किती रक्कम साठली’ यापेक्षा ‘निवृत्तीनंतर दरमहा किती उत्पन्न मिळणार’ हे उद्दिष्ट हवे, असे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी २०१४ मध्ये मांडले. त्याआधी १९९४ मध्ये अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढावी, पुढे ती महागाईनुसार वाढवावी. पुंजी ३० वर्षे टिकते. हा आकडा भारताला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. धडा मात्र लागू होतो : महागाईबरोबर वाढणारे उत्पन्न हवे.

ईपीएस-९५ पुरेशी का नाही?

खासगी नोकरीतील निवृत्तिवेतन ‘पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०’ या सूत्राने ठरते. सप्टेंबर २०१४ मध्ये वेतनमर्यादा १५ हजार झाली. म्हणजे ३५ वर्षांची सेवा धरली तरी हाती येतात महिना ७,५०० रुपये. पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला त्याच्या निम्मे. किमान निवृत्तिवेतन त्याच वर्षी एक हजार रुपये ठरले. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. कारखानाच बंद पडला तर हक्काच्या देण्यांचीही खात्री राहत नाही. कल्याणजवळच्या मोहने येथील एनआरसी २००९ मध्ये बंद पडल्यावर कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला.

पोस्टातील ठेवींचे काय?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख आहे. ८.२ टक्के दराने त्यातून महिन्याला सरासरी २०,५०० रुपये येतात. पण हे व्याज पाच वर्षे तेवढेच राहते. महागाई ६ टक्के धरली तर साठाव्या वर्षी ३० हजारांत चालणाऱ्या घराला बहात्तराव्या वर्षी ६० हजार लागतील. सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवण्यातही जोखीम आहे, कारण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे.

मग घराचा उपयोग नाही का?

आहे, पण कागदपत्रे पक्की असतील तर. राहत्या घरावर बँकेकडून नियमित रक्कम देणारी ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजना २००७-०८ पासून आहे. तिच्यासाठी मालकी निर्विवाद आणि इमारतीचे उरलेले आयुष्य किमान २० वर्षे असावे लागते. डोंबिवली-ठाण्यातील चाळीस वर्षांच्या इमारती इथेच अडतात. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या डोंबिवलीतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, तेव्हा तिथल्या कुटुंबांचे छप्परच पणाला लागले.

काय करायला हवे?

पहिली जबाबदारी सरकारची. ईपीएसची किमान रक्कम वाढवून ती महागाईशी जोडली पाहिजे. ३५ वर्षे लोकलमध्ये उभ्याने काढणाऱ्याची ती भीक नव्हे, त्याच्याच नोकरीतून जमा झालेल्या पैशाचा तो मोबदला आहे. दुसरी जबाबदारी घरातली. पन्नाशीतच कागद घेऊन दोन रकाने आखावेत : दरमहाचा खर्च आणि दरमहाचे खात्रीचे उत्पन्न. दोहोंतील फरक एनपीएस, म्युच्युअल फंड, ठेवी यांच्या मिश्रणाने कसा भरून काढायचा हे तेव्हाच ठरवावे. आणि हिशेब दोघांपैकी जो जास्त जगेल त्याच्यासाठी मांडावा. दुसरा फ्लॅट घेण्याआधी हा कागद भरला, तर म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्याची वेळ टळू शकते.