जुळवलेलं रीडिंग

माझी मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय फिजिक्स. खापरखेड्याहून सकाळची बस धरून नागपूरला जाते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष केलं की पदवीला ‘ऑनर्स’ लागतं, म्हणून घरात सगळे खूश. मागच्या महिन्यात तिचं जर्नल चाळत होतो. प्रयोग फ्लायव्हीलचा. सहा रीडिंग, सहाही एकमेकांना चिकटलेली.

“एवढी कशी जुळली गं?”

“सीनियरच्या जर्नलमधून घेतली, बाबा. एका फ्लायव्हीलवर आम्ही बारा जण. आणि उत्तर जुळलं नाही तर सही नाही देत.”

मी इथल्या औष्णिक केंद्रात तीस वर्षं टर्बाइनवर ड्यूटी केली. माझं फिजिक्स बारावीला संपलं, पण फ्लायव्हील मला कळतं. टर्बाइनचा रोटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50. तुमच्या घरातल्या विजेचे 50 हर्ट्झ ते हेच. संच ट्रिप झाला की वाफ बंद होते, पण कित्येक टनांचा रोटर काही लगेच थांबत नाही. अर्धा तास तरी नुसत्या जडत्वावर फिरत राहतो. तो किती वेळात थांबला हे आम्ही घड्याळ बघून लॉगशीटवर लिहायचो. वेळ नेहमीपेक्षा कमी भरली तर बेअरिंगचा संशय घ्यायचा. थांबला रे थांबला की बॅरिंग गिअरवर घेऊन हळूहळू फिरवत ठेवायचा. नाही तर वरची बाजू गरम, खालची गार, आणि शाफ्टला बाक येतो.

पोरीच्या प्रयोगात हेच सगळं लहान आकारात असतं. दोरीला वजन बांधून चाक फिरवायचं, वजन सुटल्यावर ते थांबेपर्यंत किती फेरे झाले आणि किती वेळ लागला ते मोजायचं. मी तिला विचारलं, “चाक थांबेपर्यंत घर्षण सारखंच राहतं का?”

“सूत्रात तसंच धरलंय.”

“आमच्या मशीनवर तसं नव्हतं. वरचे फेरे भराभर उतरायचे, खालचे रेंगाळायचे.”

रविवारी तिने अंगणात सायकल उलटी ठेवली. मागच्या चाकाच्या टायरला पांढरी पट्टी चिकटवली, चाकाला जोर दिला आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. दर पाच फेऱ्यांना किती वेळ लागला ते वहीत मांडलं, वेग काढला, आलेख काढला. रेघ सरळ आलीच नाही, सुरुवातीला जास्त उतरती होती. बराच वेळ त्या रेघेकडे बघून ती म्हणाली, “वेग जास्त असताना हवाही अडवते ना!” वर्षभरात फिजिक्स एवढ्या आनंदाने बोललेली मी तिला ऐकली नव्हती.

ऑनर्स ते हेच, असं मला वाटतं. सूत्रात जे गृहीत धरलंय ते खरंच तसं आहे का, हे तपासण्याची सवय. ती पहिल्या वर्षात लागते, नाही तर पुढे लागत नाही. कागदावर तीन वर्षांची पदवी 120 क्रेडिटची आणि ऑनर्स 160 ची. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनही करता येतं. पण ज्याने तीन वर्षं दुसऱ्याची रीडिंग उतरवली, त्याने चौथ्या वर्षी काय शोधायचं?

कॉलेजची अडचण मला दिसते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, उपकरणं थोडी, मुलं भरपूर. म्हणून म्हणतो, प्रयोग कमी करा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 30 तास. दोन क्रेडिटच्या 60 तासांत दहा उरकण्यापेक्षा पाचच घ्या, पण रीडिंग ज्याचं त्याचं असू द्या. उत्तर चुकलं तर का चुकलं हे लिहिणाऱ्याला गुण द्या. आणि पहिलं वर्ष नवख्यांवर सोपवू नका. अमेरिकेत कॅलटेकमध्ये 1961 ते 1963 या काळात रिचर्ड फाइनमन यांनी स्वतः पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवलं. आपल्याकडे फाइनमन नसतील, पण वीस वर्षं शिकवलेली माणसं आहेत. त्यांना एम.एस्सी.च्या वर्गातून आठवड्यातले दोन दिवस खाली पाठवा.

आमच्याकडे नवा पोरगा शिफ्टला आला की त्याला पहिली गोष्ट हीच सांगायचो: मीटर बघितल्याशिवाय लॉगशीट भरू नको. मागच्या तासाचा आकडा उतरवणाऱ्याला सगळे ओळखून असायचे. तापमान वाढत असतं, कागदावर सगळं ठीक असतं, आणि कळेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. जर्नलात तसं काही जळत नाही, म्हणून तिथे खपतं.

सायकलचा आलेख पोरीने जर्नलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलाय. त्या पानावर सहीची चौकटच नाही.