आधी आवाज, मग कॅमेरा

गॅदरिंग जवळ आलं की मीडिया क्लबमध्ये एकच चर्चा: यंदा लाइव्हसाठी नवा कॅमेरा घ्यायचाच, आणि तोही फोर-के! पण गावाकडे आई-बाबा हे लाइव्ह बघतात कशावर? हातातल्या मोबाइलवर, तेही डेटा जपून. त्यांना लेकीचे संवाद नीट ऐकू यायला हवे असतात. नेमकं तेच हुकतं. मागच्या भिंतीशी उभा केलेला कॅमेरा पंख्यांची घरघर आणि शिट्ट्या मात्र इमानेइतबारे टिपतो.

म्हणून पहिला खर्च आवाजावर करा. साउंडवाल्या दादांच्या मिक्सरमधून एक आउटपुट मागून घ्या आणि ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला द्या. चित्रासाठी बरा फोन आणि दणकट ट्रायपॉड पुरे. ओबीएस स्टुडिओ तर फुकटच आहे. डीएसएलआर घेणारच असाल तर दुकानातच तपासा. एचडीएमआयमधून स्क्रीनवरची चिन्हं वगळून स्वच्छ चित्र बाहेर येतं का? दोन तास सलग चालतो, की तापून बंद पडतो? कॅप्चर कार्डाचा खर्च वेगळाच.

इंटरनेटचं विचाराल तर डाउनलोड नव्हे, अपलोड स्पीड बघा. हॉल भरला की वायफाय मान टाकतं. ऑफिसातून लॅन केबल ओढा, शिपाईकाकांना आधी सांगून.

आणि प्राचार्यांकडे यादी नेताना शेवटी एक ओळ टाका: कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांकडेही राहील. आमच्या वेळी कॅमेरा होता, किल्लीवाले सर रजेवर होते.