मोर्चा कोणाच्या दारात?

9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. कोपर्डीत शाळकरी मुलीवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या खुनाने समाज पेटून उठला होता, तरी रस्त्यावर घोषणा नव्हती की भाषण नव्हते. मुली पुढे, पुढारी सगळ्यांत मागे. निवेदन द्यायला मुलीच गेल्या आणि मोर्चा सरल्यावर स्वयंसेवकांनी रस्ता झाडून काढला. बरोबर दोन वर्षांनी, 9 ऑगस्ट 2018 ला, मराठा आरक्षणासाठी पुकारलेल्या महाराष्ट्र बंदच्या दिवशी त्याच शहराला लागून असलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत जमाव कारखान्यांत घुसला. काचा फुटल्या, वाहने जळाली, कामगार जीव मुठीत धरून बाहेर पडले. मोर्चाच्या समन्वयकांनी या तोडफोडीशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. ती कोणी केली हे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. आरक्षणाचा निर्णय ज्याच्या हातात आहे असा एकही माणूस त्या दिवशी वाळूजच्या कारखान्यांत बसलेला नव्हता. तिथे होते गंगापूर, वैजापूर, पैठणच्या खेड्यांतून पाळीवर येणारे कामगार, आणि त्यांत मागणी करणाऱ्यांच्या घरची मुलेही होती.

आपल्याकडे रस्त्यावर उतरण्याचे बळ भरपूर आहे. ते कुठे लावायचे याचे शिक्षण मात्र कोणी देत नाही. मागणी नेमकी कोणती, ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्याला ती टाळता येऊ नये म्हणून काय करावे लागेल, हे तीन प्रश्न आंदोलनाआधी बसून सोडवावे लागतात. मूक मोर्चाच्या मुख्य मागण्याच पाहा. कोपर्डीच्या गुन्हेगारांना फाशी द्या, ही मागणी सत्र न्यायालयाच्या दारातली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करा, ही संसदेच्या दारातली. आरक्षण द्या, ही मागासवर्ग आयोग, विधिमंडळ आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय अशा तीन उंबरठ्यांवरून जाणारी. तिन्हींसाठी लागणारा पुरावा वेगळा, वेळ वेगळा, माणसेही वेगळी. निवेदनाच्या कागदावर मात्र त्या एकाखाली एक लिहिलेल्या होत्या आणि तो कागद जिल्ह्याजिल्ह्यात प्रशासनाच्या हाती दिला जात होता.

यावर आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 58 मूक मोर्चे निघाले, सरकार ढिम्म हलले नाही. 2018 च्या उन्हाळ्यानंतर रस्ते पेटले आणि नोव्हेंबरात 16 टक्क्यांचा कायदा झाला. मग शांततेने काय मिळवले? घटनाक्रम खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष अपुरा आहे. कायदा उभा राहिला तो मागासवर्ग आयोगाच्या, म्हणजे गायकवाड आयोगाच्या, अहवालावर. उच्च न्यायालयाने जून 2019 मध्ये कायदा उचलून धरला, पण टक्का शिक्षणात 12 आणि नोकरीत 13 वर आणला. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दच केला, कारण 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती न्यायालयाला पटली नाही. रस्त्यावरच्या दबावाने विधिमंडळाचा उंबरठा ओलांडता आला, पुढचा नाही. पुढच्या उंबरठ्यावर दगड निरुपयोगी होता, तिथे आकडेवारी लागत होती. आणि तरुणांवर दाखल झालेले गुन्हे मात्र नोकरीच्या पडताळणीत आडवे येतात.

‘हे शिकल्या-सवरल्यांचे काम’ असेही म्हटले जाते. दारूबंदीसाठी लढलेल्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायका याला उत्तर आहेत. नियम असा, की 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गावात गुप्त मतदान होते. कागदावर एक बाटली उभी आणि एक आडवी. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे घरात बसून राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच उपयोगाची. हा एक बारकावा कळला की मोहिमेचे सगळे रूप पालटते. दुकानापुढे ठिय्या देण्यापेक्षा घरोघर फिरणे, आजारी म्हातारीला केंद्रावर आणणे, मजुरीला बाहेर गेलेलीला त्या दिवशी बोलावून घेणे महत्त्वाचे ठरते. अनेक गावांतल्या बायकांनी हे गणित मांडले आणि दुकाने बंद केली.

असा हिशेब केला की चळवळीतला जीव जातो, ही भीतीही अनेकांना वाटते. महाडकडे पाहावे. चवदार तळ्याचे पाणी हा माणुसकीचा एल्गार होता, पण जागेची निवड आंधळी नव्हती. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला मान्यता दिली होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसे कागदावर मिळालेला हक्क बजावायला तळ्यावर गेली. पुढे हल्ले झाले, विरोधकांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. तो दहा वर्षे चिकाटीने लढवला गेला आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. महाडचा ओंजळभर पाण्याचा क्षण आपण मुलांना शिकवतो, त्याआधीचा ठराव आणि नंतरचा दावा शिकवत नाही.

वाळूजला ही शिकवण तातडीने हवी आहे. इथे एका नळाच्या पाण्यासाठी बजाजनगरात एमआयडीसीकडे, वाळूज महानगरात सिडकोकडे, तर रांजणगाव शेणपुंजी किंवा जोगेश्वरीत ग्रामपंचायतीकडे जावे लागते. किमान वेतन कामगार उपायुक्तांकडे, भविष्य निर्वाह निधी वेगळ्या कार्यालयात, कारखान्यातली सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. चुकीच्या दारात गेलेला मोर्चा एका दिवसाची मजुरी बुडवून परततो, आणि दुसऱ्यांदा माणसे येत नाहीत. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. कारखान्यात माणसे झोपत होती हे तपासण्याचे काम कोणाचे होते, तक्रार कोणत्या नावाने कोणाकडे करायची होती, हे त्यांच्या शेजारच्या कारखान्यातल्या किती कामगारांना सांगता येईल? कामगार संघटनांनी, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेने आणि ग्रामपंचायतींनी साप्ताहिक सुटीच्या दिवशी दोन तासांचे वर्ग सुरू करावेत, आणि पहिल्या वर्गात याच प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहावे.