वृद्धाश्रम फाटकावरून नव्हे, आतून बघा



या पानावर एरवी तुम्ही बोंडअळी, ठिबक आणि पीकविम्याचे वाचता. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतीपासून लांबचा नाही. ज्या पिढीने विहिरी खणल्या, बांध घातले, पहिल्यांदा संकरित बी पेरले, ती आता सत्तरी-ऐंशीत आली. पोरे पुण्या-मुंबईला, सुना तिकडेच. वाड्याला कुलूप, नाहीतर वाड्यात दोनच म्हातारी माणसे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यातली ७ कोटींहून जास्त खेड्यात राहत होती. महाराष्ट्रात तेव्हाच शंभरातली जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढे होती. म्हणजे हा प्रश्न शहरातल्या बंगलेवाल्यांचा आहे, असे समजून आपल्याला सुटता येणार नाही.

आता तालुक्याच्या रस्त्याला पाट्या दिसू लागल्या आहेत. कुठे वृद्धाश्रम, कुठे निवासी सेवा केंद्र, तर कुठे केअर सेंटर. आई-बापांना तिथे ठेवणे चांगले की वाईट, या वादात मी पडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरात एकट्याने सांभाळताना सून किंवा लेक कशी मोडून पडते, हे ज्याने पाहिले त्याला नावे ठेवायची घाई नसते. माझा मुद्दा निराळा आहे. आपण बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, वशिंडावरून हात फिरवतो. आणि जन्मदात्यांना ठेवताना फाटकाजवळची बाग आणि ऑफिसातली चकचकीत फरशी बघून पावती फाडतो!

आधी कागदाचे बोलू. बहुतेक आश्रम सार्वजनिक न्यास किंवा संस्था म्हणून नोंदलेले असतात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी असणे चांगलेच, पण ती नोंदणी म्हणजे विश्वस्त कोण आणि हिशोब कसा, याची. आजोबांच्या पाठीला जखम झाली का, हे त्या कागदावर दिसत नाही. बियाण्याच्या पिशवीवर लेबल आहे म्हणून शंभर टक्के उगवण होईल असे आपण कधी धरतो का? दुसरे असे की काही ठिकाणी ‘नर्सिंग’ हा शब्द पाटीवर मोठा लिहिलेला असतो. आपल्याकडे आजारी माणसाला ठेवून उपचार करणाऱ्या जागेसाठी १९४९ पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. आम्ही सलाईन लावतो, नळी बदलतो, पेशंट ठेवतो, असे जो सांगतो त्याच्याकडे ती नोंदणी मागा. डॉक्टर कोण, किती दिवसांनी येतात आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी कुणाची, हेही विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजायचे ते समजा.

आता प्रत्यक्ष पाहणी. आम्ही प्लॉट बघायला गेलो की शेतकरी रस्त्याकडेच्या चार ओळी आधी दाखवतो. खरा प्लॉट मधे असतो. आश्रमाचेही तसेच. कळवून गेलात तर धुतलेल्या चादरी दिसतील. एकदा न कळवता जा आणि संध्याकाळी सहा-सातला जा, कारण त्या वेळी दिवसाची माणसे गेलेली असतात आणि रात्रीची पुरती आलेली नसतात. ऑफिसात बसू नका. जे झोपून आहेत त्यांची खोली बघायला मागा.

शिरल्याबरोबर नाक सांगते. लघवीचा मुरलेला वास येत असेल तर कपडे आणि चादरी वेळेवर बदलत नाहीत. फिनेलचा भपकारा येत असेल तर वास झाकलाय का, तेही बघावे लागेल. मग खाटेजवळ जा. पाण्याचा तांब्या त्या माणसाचा हात पोचेल असा ठेवला आहे का? फार साधी गोष्ट, पण तिथेच सगळे कळते. म्हातारपणी तहान कमी लागते आणि पाणी कमी गेले की माणूस भांबावतो, बरळतो, लघवीचा त्रास होतो. मग सगळे म्हणतात, आजोबांना वेड लागले. काही ठिकाणी संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम कमी देतात, रात्री उठवायला लागू नये म्हणून.

आणि पाठ बघा. यात लाज बाळगू नका. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी कातडी आधी लाल होते, मग फाटते, मग आत सडत जाते. याला बेडसोर म्हणतात. पोलिओची लस जशी पोलिओ टाळते तशी बेडसोर टाळणारी लस नाही. ते काम फक्त माणसाच्या हाताने होते. म्हणून काळजीवाहक मावशीला सरळ विचारा, ‘मावशी, रात्री दोन वाजता ड्युटीला कितीजणी असता?’ चाळीस माणसांना एक बाई असेल तर कूस कोण बदलणार? व्यवस्थापक कितीही गोड बोलू द्या, या एका आकड्यापुढे त्याचे काही चालत नाही.

वजन हा दुसरा मोजमापाचा मुद्दा. दुभत्या जनावराचे दूध घटले की आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलावतो. आश्रमात महिन्याला वजन करून लिहितात का? ५० किलोचा माणूस महिन्यात अडीच किलो उतरला तर ती घट डॉक्टरांना दाखवण्याजोगी असते. कवळी हरवली असेल, गिळता येत नसेल, नाहीतर भाकरी पुढे ठेवून कुणी न भरवताच ताट उचलत असेल. जेवणाच्या वेळी पंधरा मिनिटे नुसते उभे राहिलात तरी यातले कोणते ते समजेल.

गोळ्यांचे रजिस्टर मागा. कुणाची गोळी, किती वाजता, कुणी दिली, सही. कप्प्याकप्प्याची डबी असली तरी रजिस्टर हवेच. दुपारी अकराला निम्मी माणसे गुंगीत दिसली तर झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट विचारा. माणसे शांत ठेवायला गोळी सोपी पडते, पण गुंगीत उठलेला माणूस पडतो आणि त्या वयात खुबा मोडला की पुन्हा पायावर उभे राहणे कठीण. संडास-बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी आहे का, फरशी घसरती आहे का आणि रात्री दिवा असतो का, हे तुम्ही स्वतः आत जाऊन बघा.

परसबागेच्या कामानिमित्त एका आश्रमात मी दोन-तीनदा गेलो आहे. भाजीपाला झकास, भिंतीवर देणगीदारांची नावे. पण तिथली माणसे व्यवस्थापक समोर असला की एका शब्दात बोलत आणि तो फोनवर बाहेर गेला की आवाज बदलत असे. म्हणून सांगतो, आपल्या माणसाशी दार लावून बोलू देतात का, ही मोठी परीक्षा. भेटीला ठरावीक वारच का, हाही प्रश्न विचारायचा. उलट एका गरीबशा ठिकाणी, जिथे रंगाचे पोपडे निघालेले होते, तिथल्या बाईला प्रत्येक आजीचे माहेर कुठले ते तोंडपाठ होते. मला विचाराल तर मी रंग बघणार नाही.

आता पैशाचे. माणूस आश्रमात गेला तरी त्याच्या नावावर पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये येतात, कुणाला श्रावणबाळ योजनेचे मिळतात. पासबुक आणि एटीएम कुणाच्या खिशात आहे? आश्रमाने ठेवून घेतले असेल तर चूक, आणि पुतण्याने ठेवून फीसुद्धा थकवली असेल तर त्याहून चूक. अनामत किती, माणूस महिन्यात गेला किंवा घरी आणला तर परत किती, दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे दाखल करण्याआधी लेखी घ्या.

जमिनीचे तर फारच सांभाळा. आश्रमाच्या वाटेवरची कितीतरी माणसे आधी सातबाऱ्यावरून उतरलेली असतात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि सांभाळ केला नाही, तर ते रद्द करून मागता येते. पण अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द करून मालमत्ता तिला परत द्यायला सांगितले. तिथे सांभाळाचे लेखी होते. तेव्हा ‘पोरगा आपलाच आहे’ म्हणून अट लिहायची राहू देऊ नका. दस्तात एक ओळ वाढली म्हणून नाते तुटत नाही.

याच कायद्याने प्रांत कार्यालयात न्यायाधिकरण बसते. पोटगीचा अर्ज म्हाताऱ्या माणसाने स्वतः करावा. त्याला जमत नसेल तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते आणि न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकते. कायद्यात महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी आहे, निकालासाठी ९० दिवसांची मुदत आहे. मूलबाळ नसेल तर ज्याला ती इस्टेट मिळणार, त्या नातेवाइकावर सांभाळाची जबाबदारी येते. सोडून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ५००० रुपये दंड होऊ शकतो. आणि जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक आश्रम काढण्याचे कलम १९ मध्ये म्हटले आहे, पण तिथे शब्द ‘करू शकेल’ असा आहे. सरकारी भाषेत ‘करू शकेल’ म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. राज्यात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमाची योजना आली, पण गरजेच्या मानाने ते पुरे पडलेले नाही.

मग गावाने काय करायचे? लातूर जिल्हा परिषदेने आई-बापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते आई-बापांना देण्याची सुरुवात केली. ग्रामपंचायतीला इतके करता येणार नाही. पण केरळात २००८ मध्ये सरकारने उपशामक सेवेचे धोरण केले, तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स आणि गावातलेच स्वयंसेवक अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जातात. आपल्याकडे आशाताई आहेत, बचत गट आहेत. निदान आपल्या गावचे कोण कोणत्या आश्रमात आहे, शेवटचे कोण कधी भेटून आले आणि त्यांच्या नावावर काय जमीन आहे, एवढी वही तरी ठेवता येईल. ज्या आश्रमाला ठाऊक असते की या आजीच्या मागे गाव आहे, तिथे तिच्या खाटेजवळचा तांब्या भरलेला राहतो.

कुठे छळ दिसला, उपासमार दिसली तर १४५६७ हा ज्येष्ठांचा टोल फ्री नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तहसील आणि समाजकल्याण कार्यालयातही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. येत्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर टाका. वही करायला कोतवालाला अर्धा दिवस लागेल, आणि आश्रमात दोघांनी जाऊन यायला एसटीचे तिकीट.